गाडी नसली तरी समुद्र जवळच

प्रश्न : मुलांना समुद्र दाखवायचा आहे. आमच्याकडे गाडी नाही. नाशिकरोडहून रेल्वेने मुंबईलाच जावे लागेल का?
– एक वाचक भगिनी, हरसूल

उत्तर : नाही, ताई. तुम्हाला पालघरचा किनारा जवळ पडेल. एसटीने जव्हारमार्गे पालघरला या. महिलांना निम्मेच भाडे आहे. तिथून विरारकडच्या लोकलचे पहिलेच स्थानक केळवे रोड. पुढे रिक्षाने केळव्याचा किनारा. नाहीतर उलट दिशेने डहाणू रोडला जा. २०१३पासून तिथवर लोकल धावते. मुलांना रेल्वेप्रवासही घडेल.

मात्र विरारपलीकडे लोकल कमी असतात. परतीची लोकल आणि शेवटची एसटी आधीच विचारून ठेवा. जमल्यास एक मुक्काम करा. भरतीच्या वेळी आणि पावसाळ्यात मुलांना पाण्यात उतरवू नका. निर्धास्त निघा!