ह्यात तुझं काय?

मागच्या माघातला शनिवार. सकाळची शाळा सुटली आणि चौथीतली माझी लेक दारात उभी राहिली ती कोपरापर्यंत लाल होऊन. हाताला गेरू, गालाला गेरू, आदल्या रात्री धुतलेल्या गणवेशालाही गेरू. दप्तर उतरवायच्या आधीच सांगायला लागली, “आई, आम्ही एवढं मोठं चित्र केलं! ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत!”

मी शिलाई मशीनवर बसले होते. लग्नाचे दिवस, चार ब्लाउज संध्याकाळपर्यंत द्यायचे कबूल केलेले. मान वर न करताच मी विचारलं, “आणि ह्यात तुझं काय?”

ती गोंधळली. “म्हणजे?”

“म्हणजे तू कुठलं काढलंस?”

“आम्ही काढलं,” ती म्हणाली.

“ते कळलं गं. पण तू?”

ती जराशी थांबली आणि हात धुवायला मोरीकडे गेली. चित्राबद्दल त्या दिवशी पुन्हा बोलली नाही.

रात्री भांडी घासताना मला ते खुपायला लागलं. मी ओरडले नव्हते, गणवेशावरूनही बोलले नव्हते. साधा प्रश्न विचारला होता. पण सगळ्यांनी मिळून केलेल्या कामातून तिला एकटीला बाजूला काढून मी तिच्याकडे हिशेब मागितला होता.

हा प्रश्न आपण सगळेच विचारतो, नाही का? गॅदरिंगचा नाच बसला की, “तू पुढच्या रांगेत आहेस का मागच्या?” गटात प्रयोग केला की, “बाईंसमोर बोललं कोण?” मार्क कळले की, “बाकीच्यांना किती?” आपल्या तोंडून हे सवयीनं निघून जातं.

मनात वाईट काही नसतं. धास्ती असते. जव्हार-मोखाड्यातल्या आईबापांना ती जरा जास्तच. पुढं शिकायचं तर पोर कधी ना कधी नाशिकला, नाही तर ठाण्या-पालघरकडे जाणार. तिथल्या मुलांत आपलं टिकेल का? नवोदयची परीक्षा, शिष्यवृत्तीची परीक्षा ज्याची त्यालाच द्यावी लागते. मग अख्खी सकाळ चित्रात गेली म्हटल्यावर पोटात गोळा येतो.

२०२४ मध्ये राज्यात पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला, तेव्हा मी शेजारणीला म्हणाले होते, “आठवड्यातला एक दिवस गेला म्हणायचा.” खेळ, गोष्टी, हातानं करायच्या वस्तू, गटानं सोडवायची कोडी हे सगळं मला अभ्यासाच्या बाहेरचं वाटायचं. पोरं रमतात एवढंच काय ते.

त्या शनिवारानंतर पंधरा दिवसांनी शाळेत पालकसभा होती. चित्र मागच्या भिंतीवर लावलेलं होतं. खाकी कागद एकाला एक चिकटवून त्यावर शेणमातीचा आणि गेरूचा हात दिलेला, वर तांदळाच्या पिठानं काढलेली माणसं. मधे तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी.

सभा सुरू व्हायची होती. मी चित्रातली माणसं न्याहाळत ह्यातलं हिचं कुठलं असेल ते शोधत होते. सवय जाता जात नाही. तेवढ्यात एका ठिकाणी साखळी तुटलेली दिसली. एका माणसाची जागा कोरी होती. दोन्हीकडच्यांचे हात मात्र त्या कोऱ्या जागेकडे पुढे केलेले.

“हे राहिलं वाटतं,” मी म्हणाले.

“राहिलं नाही,” लेक म्हणाली. “ती भट्टीवर गेलीय ना. आली की काढेल.”

आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगायला नको. भात, नागली, वरई घरात आली, दिवाळी झाली, की पाड्यापाड्यावरून माणसं वीटभट्ट्यांवर निघतात, भिवंडीकडे, वसईकडे. घरी सांभाळायला कोणी नसेल तर पोरंही बोचक्याबरोबर जातात. पाऊस तोंडावर आला की परततात. तेवढे महिने वर्गात त्यांची जागा रिकामी राहते. मुलांनी तीच जागा चित्रात धरून ठेवली होती.

हे ठरवलं कोणी, म्हणून मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मुलांनीच, आणि भांडून ठरवलं. काही जण म्हणत होते, तिच्या वाटचं आपणच काढून टाकू, चित्र अर्धवट दिसतं. बाकीच्यांचं म्हणणं, तिच्यासारखं आपल्याला येत नाही, तिचं तीच काढेल. बाई मधे पडल्या नाहीत. निकाल लागायला अर्धा तास गेला, असं त्या म्हणाल्या.

भट्टीवर गेलेल्या ह्या मुलीबद्दल मला एक कबुली द्यायची आहे. वर्षाच्या सुरुवातीला मीच लेकीला बजावलं होतं, “तिच्याशेजारी बसू नकोस, हुशार मुलीजवळ बस.” ती पाड्यावरून चालत यायची, वर्गात फार बोलायची नाही. घरी वारली बोलणाऱ्या त्या पोरीला पुस्तकातली मराठी अवघड जायची. मला वाटलं, हिच्या संगतीनं माझी मागं पडेल.

आणि ती भट्टीवर जायच्या आधी, दिवाळीआधीच्या एका शनिवारी वर्गात असंच चित्र काढायची वेळ आली, तेव्हा अख्खा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला होता. पीठ किती पातळ करायचं, जास्त पाणी झालं की ओघळ कसे येतात, बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला कसा करायचा, हे सगळं तिनं सांगितलं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस होतो आणि त्यांना जरासं तिरकं केलं की तो माणूस नाचायला लागतो, हेही तिनंच दाखवलं. बोलली थोडंच. करून दाखवलं जास्त.

माझी लेक हे सगळं तिच्याकडून शिकली. तेही तिच्याशेजारी बसून.

आणि मी ज्याला अभ्यासाच्या बाहेरचं म्हणत होते, त्यात अभ्यास किती होता ते लेकीनंच सांगितलं. साखळीसाठी गोल आधी नजरेनं काढला, तो अंड्यासारखा झाला. मग कोणीतरी खिळा आणि सुतळी आणली. चोवीस माणसं बसवायची होती. एका बाजूला दाटी आणि दुसरीकडे मोकळं असं झालं. पुसलं. मग गोलाचे चार भाग केले, एकेका भागात सहा-सहा. हे गणित फळ्यावर आलं असतं तर तिनं वहीत उतरवून घेतलं असतं. इथं ते चुकलं, पुसलं, पुन्हा मांडलं, म्हणून तिला ते मला समजावून सांगता आलं.

विचार केला, तर ही मिळून करायची रीत आपल्याकडे बाहेरून आलेलीच नाही. वारली घरात लग्नाचा चौक एकटी बाई लिहीत नाही. हो, तिथं चौक काढत नाहीत, लिहितात. सवाशिणी मिळून लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. त्यात कुठली रेघ कोणाची हे कोणी विचारत नाही. तारप्याचा नाच बघा. एकमेकांना धरून साखळी फिरते आणि तारप्याकडे कोणी पाठ करायची नाही, एवढा दंडक. आपल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांचा तारपा आज सगळीकडे नावाजला जातो, पण तारपा घुमायला लागला की भोवतीनं साखळी लागतेच. मोखाड्याचा बोहाडा घ्या. कोणाकडे कुठल्या सोंगाचा मान, कोणी संबळ वाजवायचा, हे वाटून घेतल्याशिवाय बोहाडा उभाच राहत नाही.

भातलावणीत आपण काय करतो? पोराला दोन मोठ्या माणसांच्या मधे उभं करतो. त्याची ओळ वाकडी गेली तर शेजारचा हात ती सरळ करतो. संध्याकाळी बांधावरून आपण अख्खं शेत बघतो, त्याची एकट्याची ओळ शोधत बसत नाही. शाळेच्या दारात गेलो की मात्र आपण हे विसरतो.

आपल्या भागातल्या जाणत्या माणसांनी शाळाही ह्याच वाटेनं नेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला मुलांचं काम सुरू केलं, पुढं ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखायला जाणारी पोरं शाळेत येईनात, तर त्यांच्यासाठी शाळाच कुरणावर नेली. ती कुरणशाळा. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्यात ‘क्वेस्ट’ ही निलेश निमकरांनी २००७ मध्ये सुरू केलेली संस्था आहे. तिच्या ‘गोष्टरंग’मध्ये नट मंडळी आश्रमशाळांत जाऊन पुस्तकातल्या गोष्टी नाटकासारख्या करून दाखवतात. गोष्ट डोळ्यांसमोर घडलेली असते, मग मुलांना ती पुस्तकात वाचावीशी वाटते.

हे सगळं कळूनही घरी आल्यावर आपण थकलेलेच असतो. म्हणून मला जे थोडंफार जमलं, तेवढंच सांगते.

पहिलं म्हणजे मी प्रश्न बदलला. आता विचारते, “आज कशावरून अडलं? मग कसं सुटलं?” एवढ्यावर ती पंधरा मिनिटं बोलते. त्या बोलण्यात तिचा वाटा आपोआप येतो. तिनं सुतळी धरली होती, खिळा कोणी दुसऱ्यानं. मला आधी हवं होतं ते उत्तर ह्यातच मिळतं आणि तिला ते एकटीला उभं राहून द्यावं लागत नाही.

दुसरं, भांडणाचं. गटात काम म्हटलं की पोर रडत येणारच. “माझं कोणी ऐकतच नाही.” “सगळं तोच करतो.” आपला जीव तुटतो. मी एकदा अशीच पदर खोचून दुसऱ्या मुलीच्या आईकडे निघाले होते. चप्पल घालेपर्यंत दोघी अंगणात सागरगोटे खेळत होत्या. तेव्हापासून आधी पूर्ण ऐकून घेते, मग विचारते, “उद्या तू तिला काय सांगशील?” कधी उत्तर येतं, कधी नुसतीच माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडते. तेही चालतं. पण पोर रोज गप्प असेल, शाळेला जायचंच नाही म्हणत असेल, तर मात्र बाईंशी निवांत बोलावं. ती वेगळी गोष्ट.

तिसरं, ते प्रकल्प. रात्री अकरा वाजता पुठ्ठ्याची विहीर मीसुद्धा कापली आहे. पोर पेंगत होती, सकाळी द्यायचं होतं, माझ्या हाताला कात्रीची सवय. विहीर सुबक झाली. शाळेत कौतुक झालं, पण लेकीनं घरी येऊन ते सांगितलंच नाही. दोन दिवसांनी वहीतून कळलं. तिचं त्यात काहीच नव्हतं, मग ती आनंद कसला करणार? आता ती कापते तेव्हा मी शेजारी माझं काजं-बटणाचं काम घेऊन बसते. वाकडं कापलं तरी हात पुढं करत नाही. बोटं शिवशिवतात, खरंच सांगते.

आणि घरात मिळून करायची कामं आपल्याकडे कमी का असतात? अंगण सारवायचं, पावसाळ्याआधी लाकडं रचायची, शेवळं निवडायची. ही कामं पटकन उरकावीत म्हणून आपण पोरांना बाजूला सारतो. एखाद्या दिवशी वेळ लागू द्यावा. अंगण थोडं उंचसखल झालं तर पाऊस काही आपल्याला विचारायला येणार नाही.

अभ्यासाची काळजी सोडा असं मी म्हणणार नाही, माझीच सुटलेली नाही. पाढे, शुद्धलेखन, सराव परीक्षा, सगळं चालू आहे. फक्त शनिवारची सकाळ वाया गेली असं आता वाटत नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. मुलं पाचवीत गेली, पण बाईंनी ते चित्र जुन्या वर्गात तसंच ठेवलं होतं. पहिल्या आठवड्यात ती भट्टीवरून परतली. काळवंडली होती, हाताला घट्टे होते. लेक सांगत होती, ती दारातच थांबली, आत येईना. मग दोघी-तिघी तिला हात धरून जुन्या वर्गात घेऊन गेल्या. भिंतीवर तिची जागा अजून कोरी होती. कोणीतरी वाटीत पीठ कालवलं. तिनं काडी चावली आणि दोन पसरलेल्या हातांच्या मधे माणूस काढला.

त्या दिवशी लेक घरी आली ती पुन्हा गणवेशावर पिठाचे डाग घेऊन. “आई, साखळी पुरी झाली,” म्हणाली. मी मशीन थांबवलं. “सांग बरं सगळं,” म्हटलं, आणि तिच्यासाठी शेजारी जागा केली.

आता शुक्रवारी रात्री मी एक काम न विसरता करते. जुना गणवेश काढून ठेवते. तुम्हीही ठेवत जा.