अनुमान आणि अनुमाता : दोष कोणाचा?

प्रमेय : यथार्थ ज्ञान ज्या साधनाने होते त्यास शास्त्रकार प्रमाण म्हणतात. न्यायसूत्रकार गौतमांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी ४ प्रमाणे सांगितली आहेत. त्यांपैकी अनुमान हे व्यवहारात पदोपदी लागणारे, आणि पदोपदी फसविणारेही आहे. म्हणून त्याचा विचार येथे विशेषेकरून कर्तव्य आहे.

शंका : नदीचे पाणी चढलेले पाहून वरच्या अंगास पाऊस झाला असे म्हणावे, तर खाली बांध घातल्यानेही पाणी चढते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणून पाऊस येणार असे म्हणावे, तर वारूळ उकरल्यानेही त्या निघतात. केका ऐकून जवळ मोर आहे असे म्हणावे, तर मनुष्यही तसा आवाज काढू शकतो. मग अनुमानास प्रमाण कसे मानावे?

समाधान : ही शंका न्यायसूत्रांतच उपस्थित केलेली असून तिचे निरसनही तेथेच आहे. बांधामुळे तुंबलेले पाणी निराळे आणि पुराचे पाणी निराळे. पुराला ओढ असते, फेस असतो, फळे, पाने व लाकडे वाहून येत असतात. वारूळ मोडल्याने एका जागच्या मुंग्या भयाने पळतात. पावसापूर्वी ठिकठिकाणच्या मुंग्या निघतात. नक्कल केलेला आवाज हा केकेसारखा असतो, केका नसतो. जो विशेष पाहावयास हवा होता तो न पाहता जो सामान्यावरून निर्णय करतो, त्याचा निर्णय चुकतो. भाष्यकार वात्स्यायन म्हणतात, हा अपराध अनुमान करणाऱ्याचा आहे, अनुमानाचा नव्हे.

दृष्टांत : पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले. पाऊस थांबून कित्येक दिवस लोटले तरी धरणाचे दरवाजे उघडताच खालच्या गावी गोदावरीला पूर येतो. त्या पुरालाही ओढ असते आणि फेसही असतो. तेव्हा ‘आज वर पाऊस पडत आहे’ हे सिद्ध करण्यास येथे जुनी खूण पुरत नाही. साध्य असता जो आढळतो आणि साध्य नसताही आढळतो, तो हेतू सव्यभिचार होय. हेत्वाभासांत त्याची गणना प्रथम आहे. कारणे बदलली की खुणाही पुन्हा पारखून घ्याव्या लागतात, हे यातील मर्म.

जे स्वतः पाहता येत नाही आणि अनुमानानेही कळत नाही, तेथे शब्दाचा आश्रय करावा लागतो. पण शब्द कोणाचा? आप्ताचा. ज्याने विषय साक्षात जाणला आहे आणि जसा जाणला तसाच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांस सारखेच लागू आहे, असे वात्स्यायनांनी स्पष्ट म्हटले आहे. अर्थात सांगणाऱ्याचे थोरपण हे पारखीच्या जागी ठेवता येत नाही.

१३व्या शतकात पंडित म्हाइंभटांनी लीळाचरित्राची सामग्री जमविली ती याच रीतीने. भटोबासांस विचारून ते थांबले नाहीत; ज्यांनी ज्या लीळा अनुभवल्या त्यांच्याकडे गावोगावी जाऊन त्यांनी त्या मिळविल्या. आज उपलब्ध असलेल्या पोथ्यांतही भिन्न पाठ असेल तेथे तो कोणाचा, हे नावानिशी नोंदलेले आढळते. मतभेद झाकला नाही, म्हणूनच तो ग्रंथ अधिक विश्वसनीय ठरला.

फलित : हा विचार केवळ वादसभेपुरता नाही. एखाद्याने दंडवत केला नाही, एवढ्यावरून तो गर्विष्ठ ठरविला जातो. त्याची दृष्टी मंद असेल, मन चिंतेत असेल, हा विकल्प कोणी पाहत नाही. एकाचे अनुमान दुसऱ्याच्या मुखी शब्द होते, तिसऱ्याच्या मुखी ते प्रत्यक्षासारखे सांगितले जाते, आणि निरपराधाच्या माथी दोष बसतो. म्हणून जिज्ञासूने निर्णयापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावेत : पाहिले ते नेमके काय? हीच खूण दुसऱ्या कारणाने संभवते काय? आणि ऐकले ते पाहणाऱ्याकडून, की ऐकणाऱ्याकडून? उत्तर मिळेपर्यंत मौन धरावे. संशय राहिला तर तो पुढे दूर करता येतो. परंतु खोटा निश्चय एकदा मुखातून बाहेर पडला की ज्याच्यावर तो पडतो त्यास तो भोगावा लागतो.