तान्ह्या बाळाचे चपटे डोके

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशींसाठी बाळ दवाखान्यात आले की एखादी आजी हमखास विचारते, "डॉक्टर, डोके मागून एका बाजूला बसले आहे. मोहरीची उशी दिली, तरी फरक नाही. मेंदूला काही होणार नाही ना?"

अशा चपटेपणाने मेंदूवर दाब येत नाही, हे आधी सांगतो. जन्मतः कवटीची हाडे एकमेकांना पक्की सांधलेली नसतात. डोक्याचा घेर जन्मावेळी साधारण ३४-३५ सेंटीमीटर असतो, तो वर्षभरात ४५-४६ वर जातो. इतक्या झपाट्याने वाढणारे डोके सतत एकाच बाजूवर टेकले, की ती बाजू चपटी होते. बाळ बसू लागले, की बहुतेकांचे डोके पुष्कळ सुधारते.

मोहरीच्या उशीमागे आजीची माया असते, पण उशीत नाक-तोंड दबून बाळ गुदमरू शकते. वर्षाच्या आत कोणतीच उशी नको. न्हाऊ घालणाऱ्या बाईंनाही डोके दाबून 'आकार' देऊ नका म्हणून सांगावे.

मग पालथे झोपवावे का? मुळीच नाही. पालथे झोपवू नका असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांनी १९९२ साली सांगितले आणि तिथे झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याच्या आसपास आली. झोपवायचे उताणेच. जागेपणी मात्र आईच्या छातीवर किंवा सतरंजीवर दोन-तीन मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा पालथे घालावे आणि वेळ हळूहळू वाढवावा. जवळ कोणीतरी बसलेले हवेच.

आपल्याकडे खाट बहुधा भिंतीला लावलेली असते. बाळ भिंतीकडे कशाला पाहील? ते आईकडे, खिडकीच्या उजेडाकडे मान वळवते. म्हणून एक दिवस उशाकडे डोके, दुसऱ्या दिवशी पायथ्याकडे, असे आलटून-पालटून निजवावे. पाळण्यात किंवा झोळीत तासन्‌तास ठेवू नये, कडेवर घ्यावे.

आता महत्त्वाचे. काही बाळे एकीकडेच पाहतात, कारण त्यांना दुसरीकडे मान वळवताच येत नाही. मानेचा एक स्नायू आखडलेला असतो. दोन-तीन आठवड्यांच्या बाळाच्या मानेत कधी कधी टणक गाठ लागते. ती पुढे विरते, पण आखडलेपणा राहू शकतो. खुळखुळा वाजवून पाहा: हनुवटी दोन्ही खांद्यांकडे सारखी वळते का? वळत नसेल तर "मोठेपणी जाईल" म्हणून थांबू नका. व्यायाम शिकून घेऊन पहिल्या काही महिन्यांतच सुरू केले, तर बहुतेक माना शस्त्रक्रियेविना सरळ होतात. मात्र ते तज्ज्ञाकडून शिकावे, मनाने मान ओढू नये.

क्वचित कवटीचा सांधाच वेळेआधी जुळून येतो. तेव्हा सांध्यावर टणक कड लागते, डोके जन्मापासूनच वेडेवाकडे दिसते आणि बाजू बदलूनही बिघडतच जाते. असे बाळ लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे; शस्त्रक्रिया लागलीच, तर ती सहसा पहिल्या वर्षातच करतात.

आकार सुधारणारी हेल्मेटे शहरांत मिळतात. ती महाग असतात आणि बहुतेक बाळांना लागत नाहीत. त्यापेक्षा प्रत्येक लशीच्या वेळी डोक्याचा घेर मोजून कार्डावर लिहून मागा. टेप दवाखान्यात असतेच.