आजीचा पदर वेगळ्या लेयरवर

मावशीच्या लग्नातला, १९७४ सालचा एक कृष्णधवल फोटो आमच्याकडे होता. त्यात आजीचा चेहरा जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढा. आईला तो भिंतीवर लावायला मोठा आणि रंगीत हवा होता. क्रिता हे मोफत सॉफ्टवेअर आणि एक पेन टॅबलेट घेऊन मी बसलो. चार महिने लागले आणि चित्र दोनदा पहिल्यापासून काढावं लागलं. त्यातून जे हाती आलं ते असं.

१. कॅनव्हास आधीच मोठा घ्या. ए-३ आकारात छापायचं असेल तर इंचाला ३०० या हिशेबाने ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात. लहान काढलेलं चित्र नंतर ताणलं की पापण्यांचे केस फाटतात.

२. चेहऱ्याचे तुकडे करू नका. पहिल्या वेळी माझे ३७ लेयर झाले होते. डावा डोळा, उजवा डोळा, नाक, वरचा ओठ, खालचा ओठ, प्रत्येकाला स्वतःचा लेयर आणि वर नावही. चुकलं तर तेवढंच खोडता यावं, एवढीच त्यामागची भीती. आई बघायला आली, बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "नाक छान आलंय, डोळेही छान आलेत. पण ही आई नाही रे."

तो शब्द मला लागला. चित्र मोठं करून पाहिलं, तर नाकाची कड गालाला भेटते तिथे एक बारीक रेघ उरली होती. ओठांभोवती तशीच, डोळ्यांखाली तशीच. खऱ्या चेहऱ्यावर नाक कुठे संपलं आणि गाल कुठे सुरू झाला यावर बोट ठेवता येत नाही. एक छटा हळूहळू दुसरीत उतरते. ही उतरण ओल्या रंगात ओला रंग मिसळावा तशी मिसळावी लागते, आणि वेगवेगळ्या लेयरवरचे रंग तसे सहजी मिसळत नाहीत.

तेव्हापासून माझा नियम ठरला. माणसाच्या अंगावरून जे काढून ठेवता येतं ते वेगळ्या लेयरवर: नथ, चष्मा, कुंकू, पदर. मागची भिंतही वेगळी. जे काढता येत नाही ते सगळं एकाच लेयरवर. दुसऱ्या वेळी लेयर नऊच झाले. भीती वाटलीच तर मोठा बदल करण्याआधी फाइलची प्रत काढून ठेवतो.

३. सावलीला करडा रंग घेऊ नका. सावलीचा लेयर मल्टिप्लाय मोडवर ठेवला की वरच्या आणि खालच्या रंगाच्या किमती गुणल्या जातात. पांढरा म्हणजे १, काळा म्हणजे ०. म्हणून पांढऱ्याने काहीच बदलत नाही, आणि अर्ध्यावर अर्धा पडला की पाव उरतो. पेन्सिलचं रेखाटन स्कॅन करून वर ठेवलं तर कागद नाहीसा होऊन फक्त रेघा राहतात, ते यामुळेच. पण मी सावलीसाठी करडा घेतला आणि आजीचा गाल राखेसारखा झाला. मग गेरूकडे झुकणारा तपकिरी घेतला आणि गालात रक्त आलं. परदेशी धड्यांमधला गुलाबी आधारही आपल्या गव्हाळ कांतीवर उपरा दिसतो. तिथे पिवळसर मातकट रंगापासूनच सुरुवात करावी.

४. कान रंगवण्याआधी हळदणकर पाहा. सावळाराम हळदणकरांचं, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. ज्योतीच्या आड धरलेली तिची बोटं लालसर उजळली आहेत, कारण उजेड त्वचेच्या आत शिरून बाहेर येतो. कानाच्या पाळीचंही तसंच. मागून उजेड असेल तर तिथे पांढरा लावू नये, गडद नारिंगी लावावा.

५. रोज एकदा चित्र आरशातल्यासारखं उलटं करा. उलट्या चित्रात आजीची नथ उजवीकडे गेली, ओळखीचा चेहरा परका झाला, आणि एक डोळा केसभर वर चढलेला आहे हे आठवडाभरानंतर प्रथमच दिसलं. तसंच सगळ्यांच्या वर एक करडा लेयर ठेवून त्याचा मोड 'कलर' करा. चित्र क्षणात कृष्णधवल होतं. माझा मूळ फोटोच कृष्णधवल असल्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून छायाप्रकाश ताडून बघता आला.

६. झाकलेलंही रंगवा. फोटोत आजीचा पदर कपाळापर्यंत आलेला आहे. तरी पदराखालच्या लेयरवर मी तिचा भांग आणि कानशिलावरचे पिकलेले केस पुरते काढले होते. दिसणार नव्हते, पण डोक्याची गोलाई कळल्याशिवाय पदराची घडी नीट बसेना.

छापायला देण्याच्या आदल्या रात्री आई पुन्हा येऊन बसली. या वेळी चेहऱ्याबद्दल काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "पदर एवढा पुढे नसायचा तिचा. लग्नात माणसं होती म्हणून ओढला असेल. घरात तिचे पांढरे केस दिसायचे."

मी पदराचा लेयर निवडला आणि दोन बोटं मागे सरकवला.

"अजून थोडा," आई म्हणाली.