रक्तातील क्षारांचा ताळेबंद

रुग्णालयाचा कारभार पाहणारे आम्ही वाणिज्य शाखेचे. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. तरीही अतिदक्षता विभागाच्या दाराशी शहाळे घेऊन उभे असलेले नातेवाईक पाहिले, की आमच्या डॉक्टरांकडून शिकलेली एक गोष्ट देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासमोर मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हृदयाचा प्रत्येक ठोका सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम व मॅग्नेशियम या क्षारांच्या समतोलावर अवलंबून असतो. त्यांत पोटॅशियमची मर्यादा फार अरुंद, लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट. प्रमाण घटले तर ठोके अनियमित होतात. फार वाढले तर हृदय बंदही पडू शकते. अमेरिकेतील ६७ रुग्णालयांतील हृदयविकाराच्या झटक्याच्या ३८,६८९ रुग्णांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. पोटॅशियम ३.५ ते ४.५ असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ५ टक्के, तर ४.५ ते ५ असलेल्यांत सुमारे १० टक्के आढळले.

दुसरा धडा औषधाचा. स्पायरोनोलॅक्टोनमुळे हृदय अतिशय दुर्बल झालेल्या रुग्णांतील मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटतात, हे १९९९ साली सिद्ध झाले. त्याचा वापर वाढला. परंतु कॅनडातील ओंटारिओ प्रांतात अशा वृद्ध रुग्णांना पोटॅशियम वाढल्यामुळे दाखल करावे लागण्याचे प्रमाण १९९४ मधील हजारी २.४ वरून २००१ मध्ये हजारी ११ वर गेले. औषध गुणकारी होते, पण रक्ततपासणीची जोड अपुरी पडली.

आता शहाळ्याकडे वळू. १०० मिलिलिटर शहाळ्याच्या पाण्यात सुमारे २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. निरोगी माणसाची मूत्रपिंडे जादा पोटॅशियम बाहेर टाकतात. हृदयाबरोबर मूत्रपिंडेही मंदावलेल्या आणि वरील औषध चालू असलेल्या रुग्णाच्या रक्तात ते साठत जाते. 'लो सोडियम' मिठातही बहुधा पोटॅशियमच असते. याउलट, सोडियम कमी झाल्याचे ऐकून घरची मंडळी मीठ-साखरेचे पाणी आणतात. हृदय दुर्बल असताना बरेचदा मीठ कमी पडलेले नसते, शरीरात पाणी जास्त झालेले असते. त्यावर उपाय म्हणून डॉक्टर पाणीच मोजून देतात. पापड, सुकट, लोणचे यांनी सूज वाढते.

म्हणून कुटुंबीयांस विनंती, की प्रेमापोटी आणलेला कोणताही पदार्थ देण्यापूर्वी सिस्टरांना विचारावे. घरी गेल्यावर, असे औषध सुरू झाल्यापासून साधारण एका आठवड्याने व पुन्हा महिन्याभराने, डॉक्टरांनी सांगितलेली रक्ततपासणी चुकवू नये. रामवाडी व पेण-रोहा भागातील अनेकांना त्यासाठी एक दिवसाची मजुरी सोडावी लागते, याची आम्हांस जाणीव आहे.

देणगीदारांस इतकेच सांगावेसे वाटते, की काही थेंब रक्तावरून थोड्याच मिनिटांत पोटॅशियम सांगणारे यंत्र आणि गरजू रुग्णाची एक मोफत तपासणी या गोष्टी इमारतीसारख्या डोळ्यांत भरत नाहीत. आमचा हिशेब वर्षाअखेरीस जुळला तरी चालतो; अत्यवस्थ हृदयरुग्णाचा मात्र दिवसातून अनेकदा जुळवावा लागतो.