विजेचें शून्य कोठें?

दौंड जंक्शनच्या पिवळ्या फलकावर स्थानकाची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. विद्यार्थिमित्रांनो, ती कोठून मोजली हें सांगितलें नसतें, तर त्या आंकड्यास कांहींच अर्थ उरला नसता. विजेच्या दाबाचेंही तसेंच आहे. दाब म्हणजे दोन ठिकाणांमधील फरक. त्यांपैकीं कोणत्या ठिकाणास शून्य म्हणावयाचें, हें मनुष्यानें ठरवावयाचें असतें. या ठरावांत दोन यंत्रांचा मेळ नसला तर काय अनर्थ ओढवतो, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

शिरूर व दौंड या शेजारच्या तालुक्यांत आज मोबाईलचे मनोरे जागोजागीं दिसतात. अशा मनोऱ्यांवरील यंत्रांस व टेलिफोनच्या केंद्रांस सामान्यतः ४८ व्होल्टांची घटमाला वीज पुरविते. घट शिशाचे असल्यास सुमारें २ व्होल्टांचे २४ घट एकापुढें एक जोडितात. या मालेचें धन टोक जमिनीस जोडलेलें असतें. म्हणून दुसऱ्या तारेचा दाब जमिनीहून ४८ व्होल्टांनीं खालीं, म्हणजे ऋण असतो. ही रीत जुनी व सकारण आहे. ओलसर जागीं तार व जमीन यांमध्यें वीज झिरपूं लागली, म्हणजे धन बाजूचा धातु झिजत जातो. तार ऋण ठेविल्यानें तिचें तांबें वांचतें. उलट आजची मोटारगाडी व १२ व्होल्टांचा राउटर यांत बहुधा ऋण टोकासच शून्य मानितात.

दोन्ही रीति आपापल्या जागीं योग्यच आहेत. संकट येतें तें दोहोंची गांठ पडल्यावर. समजा, कोणी ४८ व्होल्टांच्या त्या घटमालेवरच राउटर चालविण्यासाठीं साधा कन्व्हर्टर आणिला. अशा पुष्कळ कन्व्हर्टरांत आंत येणारी व बाहेर जाणारी ऋण तार एकच असते. राउटरचें धातूचें कवच आंतून ऋण तारेस जोडलेलें असल्यास तें घटमालेच्या ऋण टोकाशीं संलग्न होतें. ज्या पोलादी चौकटींत तो बसवावयाचा, ती मात्र जमिनीच्या द्वारें धन टोकाशीं संलग्न असते. कवच चौकटीस टेकलें, अथवा धातूचें वेष्टन असलेली केबल दोहोंस जोडली, कीं घटमालेचीं दोन्ही टोकें परस्परांस भिडलीं! ४८ हा आंकडा लहान दिसला, तरी मोठ्या घटमालेंतून अशा वेळीं शेंकडों अँपिअर प्रवाह धांवूं शकतो. फ्यूज नसल्यास तार तापून आग लागते.

यावर उपाय विलगीकरण हा होय. विलगित कन्व्हर्टरांत लहानसें रोहित्र असतें. त्याच्या दोन वेटोळ्यांमध्यें धातूचा सांधा नसतो. शक्ति चुंबकत्वाच्या द्वारें पलीकडे जाते. मग पलीकडे कोणतें टोक शून्य मानावें, हें आपल्या सोयीनें ठरवितां येतें. इथरनेटच्या तारांसाठींही यंत्रांत सामान्यतः अशींच रोहित्रें बसविलेलीं असतात. परंतु केबलच्या धातुवेष्टनास तें संरक्षण नसतें. प्रकाशतंतूच्या कांचेंतून तर वीज जातच नाहीं, केवळ प्रकाश जातो. म्हणून दोन इमारती जोडण्यास तो उत्तम.

कन्व्हर्टर कोठेंही जोडण्यापूर्वीं मल्टीमीटरनें आंतील व बाहेरील ऋण टोकांमधील रोध मोजावा. तो शून्याजवळ आल्यास विलगीकरण नाहीं असें समजावें. तसेंच धन टोक जमिनीस असेल तेथें फ्यूज ऋण तारेंतच घालावा. ही परीक्षा शिक्षकांच्या किंवा जाणत्या तंत्रज्ञाच्या देखरेखीखालींच व्हावी.

पालकांसही आमची एक विनंति आहे. लाल तार तेवढी जिवंत व काळी निर्धोक, हा समज मुलांच्या मनांत रुजूं देऊं नये. रंग पाहून हात घालण्यापूर्वीं कोणतें टोक जमिनीस जोडलें आहे, हें विचारण्याची संवय त्यांस घरींच लावावी. ही संवय घर व शाळा दोहोंचें रक्षण करील.