फेटिया, काचळी आणि आपण

गॅदरिंगच्या 'ट्रॅडिशनल डे'ला भाड्याने आणलेला चकचकीत बंजारा ड्रेस हमखास दिसतो. टाळ्याही पडतात. पण मूळ पोशाख कसा होता, हे फारसं कुणी विचारत नाही. मी पुसद तालुक्यातल्या तांड्यावरचा, म्हणून हा छोटासा प्रयत्न.

बंजारा बाईचा पोशाख तीन भागांचा. कमरेला घेरदार फेटिया. अंगात काचळी, तिची पाठ उघडी आणि मागे नाड्या. डोक्यावर छांटिया, म्हणजे ओढणी. तिन्हींवर आरसे, कवड्या आणि भरतकाम. केसांना चांदीची घुगरी व टोपली, हातात दंडापर्यंत बांगड्या. त्या पूर्वी हस्तिदंताच्या असत, आता प्लास्टिकच्या. टोपली दिसली की बाई लग्न झालेली, हे न विचारता कळतं.

हे सगळं असं का? बंजारे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर व्यापार करायचे. यालाच लदेणी म्हणतात. कायम प्रवासात असलेल्या माणसाची पुंजी अंगावरच असणार. जगात इतरत्रही असंच आहे. जॉर्जिया देशातल्या पुरुषांच्या 'चोखा' या अंगरख्याच्या छातीवर ओळीने कप्पे असतात. त्यात बंदुकीच्या दारूच्या नळ्या ठेवायचे. आता त्या केवळ शोभेच्या. कामधंदा गेला, पण त्याची खूण कपड्यात राहिली.

आपल्याकडेही रेल्वे आली आणि लदेणी बसली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का पुढे बंजाऱ्यांवरही बसला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. म्हणून आज आपण फॉर्मवर 'विमुक्त जाती' लिहितो. पुढे याच पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. तरीही बाजारात लोक टक लावून बघतात म्हणून आमच्या तांड्यातल्या बायका एकेक करून साडीवर आल्या. आता फेटिया फक्त म्हाताऱ्यांच्या अंगावर दिसतो.

कर्नाटकात संडूरच्या लंबाणी भरतकामाला जीआय मानांकन आहे. पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. चांगलंच आहे. पण काचेमागचा फेटिया टाका कसा घालायचा ते शिकवत नाही. ते आजीच शिकवू शकते.

म्हणून तांड्यावरच्या दोस्तांना एकच विनंती. या दिवाळीत घरी गेलात की आजीची काचळी मागून घ्या. माप घ्या, फोटो काढा, प्रत्येक टाक्याचं गोरबोलीतलं नाव लिहून घ्या. मशीनच्या पार्टचे तीन-तीन व्ह्यू काढणाऱ्या आपल्याला एवढं जड नाही.